इंग्रजीतून फ्रेंचकडे, मराठीच्या वाटेने

लग्नसराईच्या दिवसांत आपल्या घरी येणाऱ्या पत्रिका आपण सर्वांनी पाहिल्या असतील. आमच्या आदिलाबादेकडे एकाच लग्नाची पत्रिका पुष्कळदा दोन भाषांत छापलेली असते, आणि कधी कधी तीन भाषांतही. घरच्या मंडळींसाठी मराठी, शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी तेलुगू आणि कचेरीतल्या परिचितांसाठी इंग्रजी. या इंग्रजी पत्रिकेच्या तळाशी 'आर. एस. व्ही. पी.' अशी चार अक्षरे असतात व त्यांच्याखाली घरातील वडीलधाऱ्यांची नावे आणि दूरध्वनीचे क्रमांक दिलेले असतात. ही अक्षरे कशाची, असे मी एकदा दहावीच्या वर्गात विचारले. एका मुलाने मोठ्या विश्वासाने उत्तर दिले, "टीचर, ते छापखान्याच्या मालकाचे नाव असावे."

मुलाला हसण्याचे कारण नव्हते, कारण त्याच्या घरातील मोठ्या माणसांनाही ते ठाऊक नव्हते. ही चार अक्षरे इंग्रजी शब्दांची नव्हेतच. ती फ्रेंच शब्दांची आहेत. नागरीत ते शब्द जवळजवळ असे लिहिता येतील: 'रेपोंदे सिल व्हू प्ले'. शब्दशः अर्थ असा, की 'उत्तर द्या, जर आपणांस ते रुचत असेल तर'. म्हणजेच आपल्या भाषेत, 'येणार की नाही ते कळवावे, ही विनंती'. आता पुष्कळ पत्रिकांवर या अक्षरांच्या आधी आणखी 'प्लीज' असाही शब्द छापलेला आढळतो. त्यामुळे विनंतीवर विनंती होते, एवढेच. ज्या भाषेचा आपल्याशी काही संबंध नाही असे आपण समजतो, ती आपल्या लग्नाच्या पत्रिकेवर कोपरा अडवून बसली आहे, हे मात्र यातून दिसते.

आज मला आपणांशी बोलावयाचे आहे ते याच विषयावर. रोजच्या व्यवहारातील साधे इंग्रजी शब्द आणि वाक्ये फ्रेंचमध्ये कशी न्यावीत, आणि ती नेताना आपल्या मराठी मुलांच्या हातून कोणत्या चुका होतात, याचा थोडासा विचार करू. मी काही फ्रेंचची पंडित नव्हे. आमच्या राज्यात इंटरमीजिएटच्या परीक्षेला द्वितीय भाषा म्हणून फ्रेंच घेता येते. गुण चांगले पडतात अशी तिची ख्याती होती, म्हणून मीही ती घेतली. पुढे गोडी लागली आणि वाचन चालू राहिले. आता शाळेत इंग्रजी शिकविते आणि सायंकाळी दोनचार मुलांना घरी फ्रेंचचे प्राथमिक पाठ देते. एवढीच माझी पात्रता.

या मुलांत काही वर्षांपूर्वी एक मुलगी होती. तिचे वडील कापसाच्या अडतीवर दिवाणजी. घर मराठी, शाळा इंग्रजी माध्यमाची. पहिल्याच दिवशी वडील मला म्हणाले, "टीचर, तुम्ही काळजी करू नका. तिचे फ्रेंच सुधारावे म्हणून आम्ही आजपासून घरात मराठी बंद केली आहे. जे काय बोलायचे ते इंग्रजीतूनच." त्यांचा हेतू चांगला होता. मुलीने पुढे जावे, एवढीच त्यांची इच्छा. परंतु त्या घरात मुलीची आजीही होती. तिला मराठीखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. घरात मराठी बंद झाली याचा अर्थ असा, की आजी आणि नात यांचे बोलणे बंद झाले. हे मला त्या दिवशी उमगले नाही. फ्रेंच शिकविता शिकविताच ते लक्षात आले.

प्रथम मुलीच्या चुकांकडे पाहू, कारण त्या एकटीच्या नव्हत. इंग्रजीत 'मी भुकेला आहे' अशा रचनेचे वाक्य असते. मुलीने त्यातील एकेक शब्द उचलून त्याच्या जागी फ्रेंच शब्द ठेवला आणि 'झ स्वी फँ' असे वाक्य बनविले. त्याचा अर्थ होतो, 'मी भूक आहे'. फ्रेंच मनुष्य भूक लागली म्हणजे 'झे फँ' म्हणतो. त्याचा शब्दशः अर्थ 'माझ्याजवळ भूक आहे'. थंडीचेही तसेच. 'झे फ्रवा' म्हणजे 'मला थंडी वाजते'. पण इंग्रजीच्या धर्तीवर 'झ स्वी फ्रवा' म्हटले, तर 'मी थंड स्वभावाचा, कोरडा माणूस आहे' असा काहीतरी अर्थ ऐकणाऱ्याला लागतो. वयही फ्रेंचमध्ये मनुष्य 'असत' नाही, तर ते त्याच्याजवळ असते. 'माझ्याजवळ सोळा वर्षे आहेत' अशी ती रचना.

आता आपण आपल्या घरात कसे बोलतो ते पाहा. 'मी भुकेला आहे' असे मराठी मूल आईला कधी म्हणत नाही. ते म्हणते, 'आई, मला भूक लागली.' आमच्या गावातील तेलुगू मूल म्हणते, 'नाकु आकलि', म्हणजे 'मला भूक'. उर्दू बोलणारे मूल म्हणते, 'मुझे भूक लगी है.' या सर्व भाषांत भूक ही माणसाला येऊन चिकटणारी गोष्ट आहे. माणूस आणि भूक या दोन निराळ्या वस्तू आहेत. फ्रेंच याहून थोडी वेगळी असली, तरी तिच्या दृष्टीनेही भूक ही माणसाहून वेगळीच. अर्थात मुलीने इंग्रजी वाक्य पाहून क्षणभर आपल्या आईशी कसे बोलते याची आठवण केली असती, तर माणूस आणि भूक ही एक होऊ नयेत, हे तिला आपोआप कळले असते. पण ती आठवण करणे तर घरात बंद झाले होते.

आता शिष्टाचाराच्या शब्दांकडे वळू. इंग्रजीत सकाळचे अभिवादन वेगळे, दुपारचे वेगळे. फ्रेंचमध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच 'बोंझूर' चालतो. त्याचा अर्थ 'शुभ दिवस'. संध्याकाळ झाली की 'बोंस्वार'. रात्रीचे अभिवादन फक्त झोपावयास जाताना. फ्रान्समध्ये दुकानात शिरल्यावर दुकानदाराला आधी 'बोंझूर' म्हणावे लागते व मगच काय हवे ते सांगावयाचे. तसे न करता एकदम वस्तू मागितली, तर ते उद्धटपणाचे समजतात. यात आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही. आमच्या बाजारातही शेतकरी दुकानाच्या पायरीवर चढला म्हणजे आधी 'राम राम भाऊ, बरे आहे ना?' असे विचारतो आणि मग खिळे किंवा दोर मागतो.

'प्लीज' या शब्दाची कथा अधिक मनोरंजक आहे. तो शब्द मुळात फ्रेंच घराण्यातलाच. फ्रेंचमध्ये त्याऐवजी 'सिल व्हू प्ले' असे संपूर्ण वाक्यच बोलतात: 'जर आपणांस रुचत असेल तर'. मराठीत आपण त्याचे भाषांतर 'कृपया' असे करतो. पण 'कृपया' हा शब्द आपण बोलतो केव्हा? तो फलाटावरील घोषणेत आणि कचेरीतील पाटीवर असतो. घरात 'आई, कृपया पाणी दे' असे कोणी म्हटले, तर आई ताप आला आहे की काय म्हणून कपाळाला हात लावून पाहील. याचा अर्थ मराठी माणूस विनंती करीत नाही असा मुळीच नव्हे. आपली विनंती क्रियापदात असते. 'दे', 'द्या', 'जरा द्या ना', 'देता का', 'द्याल का' या पायऱ्या पाहा. तेलुगूतही 'इव्वु' म्हणजे 'दे', आणि 'इव्वंडि' म्हणजे 'द्या'. त्या शेवटच्या 'अंडि'मध्ये सगळी अदब भरलेली आहे. तेव्हा इंग्रजीतील एका शब्दासाठी फ्रेंचमध्ये एक वाक्य लागते, आणि मराठी व तेलुगूत क्रियापदाचा प्रत्यय पुरतो. तिन्ही ठिकाणी काम मात्र एकच होते.

'थँक यू'ला फ्रेंचमध्ये 'मेर्सी' म्हणतात, हे सोपे. अडचण येते ती त्यापुढील उत्तराची. इंग्रजीत आभाराला जे उत्तर देतात, त्यात स्वागताचा शब्द असतो. मुलीने तोच स्वागताचा शब्द फ्रेंचमध्ये नेला. ऐकणाऱ्या फ्रेंच माणसाला वाटावे, की ही आपल्याला घरात या, बसा, असे म्हणते आहे. फ्रेंच लोक साधेपणाने 'द रिअँ' म्हणतात, म्हणजे 'कशाचेही नाही'. अलीकडे आपली तरुण मंडळीही कोणी 'धन्यवाद' म्हटले की 'स्वागत आहे' असे उत्तर देतात. ते इंग्रजीचे शब्दशः भाषांतर होय. आपल्या आजीपणजीला कोणी आभाराचे बोलले असते, तर ती म्हणाली असती, 'त्यात काय एवढे!' किंवा 'त्याचे काय!' हे उत्तर आणि फ्रेंच 'द रिअँ' यांच्यात किती थोडे अंतर आहे, ते आपणच पाहा.

इंग्रजीत लहानथोर, राजा आणि रंक, सर्वांना 'यू' म्हणतात. फ्रेंचमध्ये मात्र 'त्यु' आणि 'व्हू' असे दोन शब्द आहेत, आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखे. केवळ इंग्रजीवर वाढलेल्या मुलाला हा भेद नियम म्हणून पाठ करावा लागतो. मराठी मुलाला तो दुधाबरोबर मिळालेला असतो. आईला 'तू' आणि वडिलांना बहुधा 'तुम्ही', मैत्रिणीला 'तू' आणि मैत्रिणीच्या आईला 'तुम्ही', हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. हा शब्द किती नाजूक आहे, याचे एक उदाहरण मला माझ्या उपासनेच्या अनुभवातून आठवते. फ्रेंच कॅथलिक लोक प्रभूची प्रार्थना म्हणताना देवाला पूर्वी 'व्हू' म्हणत असत. १९६६ पासून ते 'त्यु' म्हणू लागले. आपण मराठी लोक तर देवाला आणि आईला पहिल्यापासून एकेरीच हाक मारतो. त्यात अनादर नसतो, जवळीक असते. इंग्रजीतील एका 'यू'वरून हे काहीच कळत नाही. कोण कोणाशी बोलत आहे, हे आधी ठरविल्यावाचून फ्रेंच वाक्याची सुरुवातसुद्धा होत नाही.

आणखी एक लहानसा शब्द सांगते. फ्रेंचमध्ये 'हो'साठी 'वी' हा शब्द आहे, हे सर्वांना ठाऊक असते. पण कोणी नकार गृहीत धरून प्रश्न विचारला, जसे 'तू जेवला नाहीस ना?', आणि आपण तर जेवलेलो असलो, तर तेथे 'वी' चालत नाही. तेथे 'सी' म्हणावे लागते. इंग्रजीत या 'सी'ला जोडीदार शब्द नाही. ही गोष्ट मुलीला काही केल्या समजेना. शेवटी मी तिला मराठीत विचारले, "काय गं, तू आज जेवली नाहीस ना?" ती पटकन म्हणाली, "जेवली की!" मी म्हटले, "हा जो तुझा 'की' आहे ना, तोच त्यांचा 'सी'." त्यानंतर ती चूक पुन्हा झाली नाही.

श्रोतेहो, आता आकड्यांची गंमत ऐका, कारण माझे डोळे उघडले ते येथेच. फ्रान्समध्ये साठपर्यंत सर्व सुरळीत चालते. सत्तरला ते 'स्वासाँत-दिस' म्हणतात, म्हणजे 'साठ-दहा'. ऐंशीला 'कात्र-व्हँ', म्हणजे 'चार-वीस'. नव्वदला 'कात्र-व्हँ-दिस', म्हणजे 'चार-वीस-दहा'. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधील फ्रेंच भाषकांनी सत्तर आणि नव्वदसाठी सुटसुटीत शब्द ठेवले आहेत, पण फ्रान्समध्ये जुनीच रीत चालू आहे. एके दिवशी मी मुलीच्या घरी गेले होते. ती आकडे पाठ करून वैतागली होती. "हे कसले आकडे, टीचर! ऐंशीला चार-वीस कोणी म्हणते का?" असे ती इंग्रजीत म्हणाली. कोपऱ्यात सुपात तूर निवडीत बसलेल्या आजीने मला विचारले, "काय म्हनते पोरगी?" मी सांगितले, की फ्रेंच लोक ऐंशीला चार वेळा वीस म्हणतात, ते तिला जमत नाही. आजी म्हणाली, "त्यात काय न जमाचं? चार इसा म्हंजे ऐंशीच न बाई. आमी गोवऱ्या तशाच मोजो." मी विचारले, "आणि नव्वद?" आजीने सुपातून मानही वर न काढता उत्तर दिले, "चार इसा न वर धा."

चार विसा आणि वर दहा. शब्दाला शब्द तेच. आपल्या खेड्यांतून पूर्वी विसाने मोजण्याची रीत सर्रास होती आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ती अजूनही ऐकू येते. मुलगी आजीकडे पाहत राहिली. मग ती आजीजवळ जाऊन बसली आणि मराठीत म्हणाली, "आजी, सत्त्याण्णव सांग." कित्येक दिवसांत ती आजीशी प्रथमच बोलत होती. दारात उभे असलेले तिचे वडील काही बोलले नाहीत. जो हिशेब घरात अगोदरच होता, तो आपण कुलूप लावून बंद केला आणि मग बाहेर उसना मागावयास निघालो, ही गोष्ट त्यांनाही कळली असावी आणि मलाही.

भाषांतरातील दुसरा मोठा धोका म्हणजे तोंडओळखीचे शब्द. इंग्रजी आणि फ्रेंच या भाषांत सारखे दिसणारे शब्द हजारो आहेत, आणि त्यांतील काही दगा देतात. फ्रेंच 'लिब्रेरी' म्हणजे ग्रंथालय नव्हे, ते पुस्तकांचे दुकान. ग्रंथालयाला 'बिब्लिओतॅक' म्हणतात. 'मॉने' म्हणजे इंग्रजीसारखा सर्व पैसा नव्हे, तर मुख्यतः सुटे पैसे, म्हणजे आपली 'चिल्लर'. पैशाला सामान्यतः 'अर्झाँ' म्हणतात. 'द्माँदे' म्हणजे दरडावून मागणे नव्हे, नुसते विचारणे किंवा मागणे. 'हॉटेल' हा शब्दही फ्रेंचच. पण आपल्याकडे हॉटेलात चहा आणि भजी मिळतात, तर तिकडे हॉटेल म्हणजे रात्री मुक्काम करण्याची जागा. आणि 'ओतेल द व्हील', म्हणजे शब्दशः 'गावचे हॉटेल', हे तर नगरपालिकेच्या इमारतीचे नाव आहे. चहा प्यावयास कोणी तेथे शिरला, तर त्याची फजितीच व्हायची.

या दगाबाजीचा अनुभव आमच्या जिल्ह्यातील माणसाला नवा नाही. आमच्या शाळेत एकाच बाकावर मराठी, तेलुगू आणि उर्दू बोलणारी मुले बसतात, आणि हिंदीचा तास सर्वांना असतो. हिंदीच्या धड्यात 'शिक्षा' हा शब्द आला, की मराठी आणि तेलुगू मुले घाबरतात, कारण या दोन्ही भाषांत शिक्षा म्हणजे दंड. हिंदीत ते शिक्षण. मराठीत 'अनुमान' म्हणजे तर्काने काढलेला निष्कर्ष, पण तेलुगूत 'अनुमानम्' म्हणजे संशय. मराठीत 'अवसर' म्हणजे संधी किंवा सवड, पण तेलुगूत 'अवसरम्' म्हणजे गरज. उलट मराठी 'चिल्लर' आणि तेलुगू 'चिल्लर' यांच्यात काहीच फरक नाही. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आमच्या जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके तिकडे मुंबई राज्यात गेले आणि बाकीचा जिल्हा तेलुगू राज्यात राहिला. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर तेव्हापासून कचेऱ्यांच्या भाषा वेगळ्या झाल्या, परंतु बाजाराची भाषा एकमेकींत मिसळलेलीच राहिली. सारख्या दिसणाऱ्या शब्दाला लगेच हात देऊ नये, त्याचे गाव विचारावे, हे शहाणपण येथील मुलांना बाजारातच मिळते. फ्रेंच शिकताना ते तसेच वापरावयाचे असते.

म्हणी आणि वाक्प्रचार यांच्या बाबतीत तर शब्दांचे भाषांतर करणे अशक्यच. पाऊस कोसळू लागला की इंग्रज म्हणतो, मांजरे आणि कुत्री पडत आहेत. फ्रेंच म्हणतो, 'इल प्लो दे कॉर्द', म्हणजे दोरखंड पडत आहेत. मराठी माणसाला त्या धारांत मुसळे दिसतात, म्हणून आपण मुसळधार म्हणतो. तेलुगू माणूस 'कुंडपोत' म्हणतो, म्हणजे कोणी वरून मडकी ओतीत आहे. आमच्या भागात श्रावणात पाऊस लागला म्हणजे यांतील कोणते रूपक खरे, असा प्रश्न पडत नाही. सगळीच खरी वाटतात. इंग्रजीतील मांजर फ्रेंचमध्ये नेले, तर मात्र त्या वाक्यात मांजरच उरेल आणि पाऊस नाहीसा होईल.

येथे कोणी म्हणेल, की फ्रेंचांचा आणि आपला संबंध तो काय? संबंध जुना आहे. आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्यात अठराव्या शतकात फ्रेंच सरदारांचा मोठा दबदबा होता. १७५१ ते १७५८ या काळात बुसी हा सेनापती हैदराबादेस होता. फ्रेंचमध्ये पुरुषाच्या नावापूर्वी 'मस्यो' असा आदरार्थी शब्द लावतात, आपल्या 'श्रीयुत'सारखा. आपल्या लोकांनी तो ऐकला आणि त्याचा 'मुसा' केला. मराठी बखरींत हा सेनापती 'मुसाबुसी' म्हणूनच येतो. पुढे १७९८ मध्ये मरण पावलेला रेमाँ हा दुसरा फ्रेंच सरदार निजामाच्या पदरी होता. हिंदू त्याला मूसाराम म्हणत आणि मुसलमान मूसा रहीम म्हणत, असे सांगतात. हैदराबादेतील मूसारामबाग या वस्तीला त्याचेच नाव राहिले आहे, आणि आज तेथे मेट्रो गाडीचे स्थानक आहे. ज्या कोणी प्रथम 'मस्यो'चा 'मूसाराम' केला, त्याने कोश पाहिला नव्हता. समोरच्या माणसाला मानाने हाक मारावयाची आहे, एवढे ओळखून त्याने आपल्या घरचे नाव त्याला दिले.

तथापि मराठीची वाट सर्वत्र सरळ जाते, असा माझा दावा नाही. मराठीत आपण 'मी' गाळून 'येतो', 'जाते' एवढेच म्हणू शकतो. फ्रेंचमध्ये कर्ता गाळता येत नाही. फ्रेंचमध्ये निर्जीव वस्तूंनाही लिंग असते, याचे मराठी मुलाला आश्चर्य वाटत नाही, कारण आपणही 'ती बस', 'तो ट्रक' आणि 'ते टेबल' म्हणतो. पण आपली लिंगे तीन आणि त्यांची दोन. त्यांचे टेबल स्त्रीलिंगी आहे. आपला चंद्र पुरुष, तर त्यांचा चंद्र स्त्री. तेव्हा मातृभाषा उत्तर देईलच असे नाही. कोणता प्रश्न विचारावयाचा, तेवढे ती सांगते. या शब्दाचे लिंग कोणते, ही व्यक्ती 'तू' की 'तुम्ही', ही भूक माणसाला लागते की माणूसच भूक आहे, हे प्रश्न ज्याला सुचतात, त्याचे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे पाठांतराने आणि सरावाने होते, आणि त्याला दुसरा उपाय नाही.

म्हणून मी आता मुलांना एक वही करावयास लावते. तिच्यात शब्दांच्या याद्या नसतात, प्रसंग असतात. 'दुकानात शिरताना', 'चुकून कोणाच्या पायावर पाय पडला असता', 'पाहुण्याला जेवणाचा आग्रह करताना', 'आजाऱ्याची विचारपूस करताना' असे मथळे. प्रत्येक मथळ्याखाली प्रथम आपल्या घरी काय म्हणतात ते लिहावयाचे, मग मराठी असो, तेलुगू असो, उर्दू असो वा गोंडी असो. त्यानंतर इंग्रजी. आणि शेवटी, कोश पाहून व जाणत्याला विचारून, फ्रेंच. पहिला रकाना भरण्यासाठी मुलांना घरातील म्हाताऱ्या माणसांकडे जावे लागते. हा या वहीचा सर्वांत मोठा लाभ आहे असे मला वाटते.

शेवटी पुन्हा त्या मुलीकडे येते. दहावी झाल्यावर ती इंटरमीजिएटसाठी हैदराबादेस वसतिगृहात गेली. तेथे फ्रेंचच्या तासाला एक वाक्य भाषांतरासाठी आले: 'मला माझ्या आजीची फार आठवण येते', या अर्थाचे इंग्रजी वाक्य. इंग्रजीत या वाक्यात कर्ता 'मी', आणि आजी कर्म. वर्गातील बहुतेकांनी त्याच क्रमाने फ्रेंच वाक्य लिहिले. पण फ्रेंचमध्ये हे क्रियापद उलटे चालते. इंग्रजीच्या क्रमाने तसे लिहिले, तर 'माझ्या आजीला माझी उणीव भासते' असा अर्थ निघू लागतो. बरोबर वाक्य आहे, 'मा ग्राँ-मॅर म माँक'. यात कर्ता आजी आहे. ती 'मला' उणी पडते.

मुलीने ते बरोबर लिहिले. सुटीत आली तेव्हा मला सांगू लागली, "टीचर, मी इंग्रजी वाक्याकडे पाहिलेच नाही. आजी नाही म्हणून मला काय होते, ते आधी मराठीत मनाशी म्हटले. 'आजीची मला उणीव भासते.' मग फ्रेंच सुचले."

तिच्या घरात आता पुन्हा मराठी बोलतात. सुटीत ती आजीला फ्रेंच आकडे म्हणून दाखविते, आणि ऐंशी आले की आजी आपली मोजणी पुढे चालवते. वडील अडतीवरून आले म्हणजे तेही क्षणभर तेथे बसतात.